शनिवारची दुपार आणि फुटबॉलचा सामना

चार जुने सोबती बरोबर घेऊन फुटबॉलचा सामना पाहावयास जाणे ही वरवर पाहता अगदी किरकोळ गोष्ट आहे. ज्ञानसत्रात तिला जागा कशाला, असे कोणी विचारील तर त्यास दोष देता येणार नाही. आमचे उत्तर एवढेच की, सामना पाहावयाचा तर तिकिटाच्या आधी मोकळा वेळ लागतो. आणि तोही एकट्याचा नव्हे, चौघांचा एकाच वेळी. हा वेळ कोठून आला, तो कोणी मिळवला आणि आज तो कोणाच्या हातून निसटत आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे मैदानावरचा खेळ निराळा दिसू लागतो.

प्रथम इंग्लंडची हकिगत पाहू. तेथे १८५० साली कापड गिरण्यांसाठी एक कायदा झाला. स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांना शनिवारी दुपारी २ नंतर कामावर ठेवू नये, असे त्यात ठरले. पुरुषांचा उल्लेख त्यात नव्हता. पण गिरणी हे एकमेकांत गुंतलेले यंत्र आहे. बाया आणि पोरे घरी गेली की पुरुषांचे मागही थांबत. अशा रीतीने अर्ध्या दिवसाची सुटी सर्वांच्या पदरी पडली. २ वाजता भोंगा, मग घरी दोन घास, आणि ३ वाजता मैदान. इंग्लंडात शनिवारचे सामने दुपारी ३ वाजता सुरू होण्याचा जो रिवाज पडला, त्याचे मूळ या भोंग्यात आहे.

खेळाचे लिखित नियम १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनने केले. ते करणारी मंडळी बड्या शाळांतून शिकलेली, खाऊनपिऊन सुखी अशी होती. परंतु वीस वर्षांत खेळ कामगारांच्या वस्तीत उतरला. १८८३ साली ब्लॅकबर्न ऑलिंपिक या संघाने ओल्ड इटोनियन्स या बड्या घरच्या मंडळींच्या संघास २-१ असे हरवून एफ. ए. कप जिंकला. त्या विजयी संघात विणकर होते, नळ जोडणारा कारागीर होता. आज जगभर ज्यांची नावे घेतली जातात ते संघही असेच जन्मले. मँचेस्टर युनायटेड हा मुळात १८७८ चा रेल्वे कामगारांचा संघ. आर्सेनल हा १८८६ साली तोफखान्याच्या कारखान्यातील कामगारांनी काढलेला. वेस्ट हॅमचे मूळ टेम्सकाठच्या जहाजबांधणीच्या कारखान्यात.

कामगार खेळावयास आला की मजुरीचा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतोच. शनिवारी बाहेरगावी सामना असला तर अर्ध्या दिवसाचा रोज बुडे. बड्या घरच्या खेळाडूस त्याची झळ नव्हती, म्हणून खेळासाठी पैसे घेणे त्यास हलकेपणाचे वाटे. विणकराच्या घरी मात्र चुलीचा सवाल होता. अखेर १८८५ साली पगारी खेळाडूंना मान्यता मिळाली. पुढे १९०१ साली आठवड्यास ४ पौंड ही पगाराची कमाल मर्यादा आली. तेव्हा १९०७ साली मँचेस्टरमध्ये बिली मेरेडिथ, चार्ली रॉबर्ट्स आदी खेळाडूंनी आपली युनियन बांधली. १९०९ साली हुकूम सुटला की युनियन सोडा, नाहीतर खेळ सोडा. मँचेस्टर युनायटेडचे खेळाडू हटले नाहीत. त्यांनी स्वतःला 'बहिष्कृतांचा संघ' म्हणवून एकत्र छायाचित्र काढून घेतले! पगाराची ती मर्यादा मात्र १९६१ साली, संपाची नोटीस दिल्यावर, उठली. चळवळीतल्या माणसास यात नवल वाटणार नाही. जे मिळते ते उशिरा मिळते, आणि मागितल्यावाचून मिळत नाही.

आता आपल्याकडे वळू. मुंबईच्या गिरणी कामगारास आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ही मागणी लावून धरली आणि १८९० साली सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरवली. त्याच वर्षी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली आणि १८९१ च्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुटीचे तत्त्व आले. योगायोग असा की, मुंबईतील रोव्हर्स चषकाची स्पर्धा याच १८९१ साली सुरू झाली. प्रारंभी ती गोऱ्या पलटणींचीच होती. १९११ साली मोहन बागानने कलकत्त्यास ईस्ट यॉर्कशायर पलटणीस २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तेव्हा त्या संघातील एकजण सोडून सारे अनवाणी होते. रोव्हर्स चषक मात्र भारतीय संघाच्या हाती यावयास १९३७ साल उजाडले. बंगलोर मुस्लिम्सने तो जिंकला. पुढे हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षे तो आपल्याकडे ठेवला. त्यांचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्याच हाताखाली भारत १९५६ च्या मेलबोर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला. तेथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा हा मुंबईच्या मैदानांवरचा खेळाडू.

मुंबईच्या कूपरेज मैदानावर कारखान्यांचे, गिरण्यांचे, बँकांचे, रेल्वेचे संघ उतरत. खेळाडूचे नाव हजेरीपटावर असे. खेळ संपला तरी नोकरी राही. बघ्यांनाही 'आपला' संघ म्हणजे आपल्याच खात्यातला माणूस वाटे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक मिटत गेल्या. नव्या शतकाच्या आरंभी रोव्हर्स चषक थांबला. २०१० साली महिंद्रचा संघही बंद झाला. मैदान राहिले, पण त्याच्यामागचा हजेरीपट फाटला.

आमचे पाच सोबती एकाच कारखान्यातले. कारखाना बंद पडून बरीच वर्षे झाली. अलीकडे एका रविवारी कूपरेजवर सामना पाहावयाचा बेत केला. एक फिटर, आता निवृत्त, एक बस हाकून दमलेला, एकाची पोळीभाजीची गाडी, चौथे आम्ही. पाचवा एका इमारतीवर पहारेकरी आहे. ठेकेदाराकडे त्याची बारा तासांची पाळी, आणि सुटी घेतली तर त्या दिवसाचा पगार जातो. त्याने फोनवर एवढेच सांगितले, "तुम्ही जा रे, गोल झाला की कळवा."

सामन्यात ऑफसाइडवरून आमच्या बसवाल्याचा आणि फिटरचा वाद जुंपला. तो नियम सोपा आहे. चेंडू पुढे धाडला जातो त्या क्षणी, तो ज्याच्याकडे जावयाचा तो खेळाडू प्रतिपक्षाच्या अर्ध्या मैदानात असून चेंडूच्या पुढे असेल, आणि प्रतिपक्षाचे किमान दोन गडी त्याच्या बरोबरीस किंवा त्याच्यापेक्षा गोलरेषेजवळ नसतील, तर तो ऑफसाइड. सामान्यतः त्यांतला एक गोलरक्षक असतो. १९२५ पर्यंत तीन गडी लागत. दोन केल्यावर गोल भराभर होऊ लागले. नियमाचा हेतू असा की, कोणी गोलाच्या तोंडाशी आयता दबा धरून बसू नये. मागच्यांनी चेंडू आणावा, पुढच्याने योग्य वेळी धावावे. फिटर म्हणाला, "म्हणजे सगळ्यांनी मिळून वर सरकायचं." आम्हांस यापेक्षा नेमकी व्याख्या सुचली नसती.

गोल झाला तेव्हा आम्ही चौघे उठलो आणि फोन लावला. तो उचलला गेला नाही. पाळीवर फोन घेण्यास त्यास मनाई आहे.

फुरसत ही चैन नव्हे, असे आमचे म्हणणे याचसाठी आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्यास ४८ तास आणि एक दिवस सुटी हे कारखान्यातील कामगारांसाठी ठरवले. परंतु काम कारखान्याच्या भिंतीबाहेर गेले. पहारेकरी, सामान पोचवणारा, ठेक्यावरचा सफाईवाला यांच्याजवळ सुटीचा दिवस कागदावर असला तरी हातात नसतो. आणि प्रत्येकाची सुटी निराळ्या वारी पडली तर ती सुटी असूनही मैत्रीच्या उपयोगी पडत नाही. माणसे एकत्र येतात तेव्हाच बोलतात, आणि बोलतात तेव्हाच संघटना होते. लोखंड्यांनी मागितलेला रविवार हा सर्वांसाठी एकच वार होता.

तेव्हा वाचकांस एक विनंती. आपल्या इमारतीच्या दारावर जो माणूस उभा असतो, त्याची सुटी कोणत्या वारी असते आणि त्या दिवसाचा पगार त्यास मिळतो काय, एवढे त्यास विचारावे. उत्तर 'नाही' असे आले, तर ते सोसायटीच्या पुढल्या सभेत मांडावे. ठेकेदाराचा करार अखेर त्या सभेच्याच सहीने होतो.