मुरण्याआधीचं लोणचं
अकोला-अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तिथे वर्षभराच्या कैरीच्या लोणच्याला भरपूर मीठ आणि वर तेलाचा थर लागणारच. पण हिवाळ्यातल्या गाजर-मुळ्याला एवढा बंदोबस्त कशाला? फोडी कोरड्या पुसाव्यात, मोहरीची डाळ, हळद, मीठ नि सढळ हाताने लिंबाचा रस घालून बरणी फ्रिजमध्ये ठेवावी. दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या भाकरीबरोबर खाताना मोहरीचा झणका थेट नाकात जातो. ‘मुरल्याशिवाय लोणचं कसलं?’ हा आक्षेप कैरीपुरता खरा. इथे मुळात करकरीतपणाच राखायचा आहे. टिकवण्याचं काम आंबटपणा आणि थंडी वाटून घेतात, त्यामुळे रसात काटकसर नको आणि बरणी आठवडाभरात संपवावी. वीज फार वेळ गेली, तर त्याहून लवकर.