विश्लेषण : मॉलिक्युलर बायोलॉजीचा पेपर अवघड का वाटतो?

चंद्रपूर व गडचिरोलीतील महाविद्यालये २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या कक्षेत येतात. बीएस्सीनंतर बायोटेक्नॉलॉजी किंवा मायक्रोबायोलॉजीकडे वळणाऱ्यांना मॉलिक्युलर बायोलॉजी, म्हणजेच रेणवीय जीवशास्त्र, चुकत नाही. पाठांतरावर आजवर निभावलेले अनेक जण इथे अडखळतात. त्याचे कारण याच भागात आढळणाऱ्या सिकलसेल आजाराच्या उदाहरणातून समजते.

अभ्यासक्रमात काय असते?

डीएनएची नक्कल कशी होते, त्यावरून आरएनए आणि पुढे प्रथिन कसे बनते, जनुके कधी चालू वा बंद होतात, हा विषयाचा गाभा. पदवीला हे आकृत्यांतून शिकलेले असते. पुढच्या टप्प्यावर ‘काय घडते’ याऐवजी ‘हे कशावरून कळले’ असे विचारले जाते.

सिकलसेलमध्ये काय बिघडते?

रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या गतीने सरकते, हे लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले. त्यात एकच अमिनो आम्ल बदललेले असते, हे पुढे व्हर्नन इन्ग्राम यांनी शोधले. बीटा ग्लोबिन जनुकात ‘ए’च्या जागी ‘टी’ येतो. त्यामुळे ऑक्सिजन कमी झाला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात.

परीक्षेत काय विचारतात?

उदाहरणार्थ, एक रिस्ट्रिक्शन एन्झाइम सामान्य जनुक नेमके याच जागी कापते, बदललेले जनुक मात्र कापू शकत नाही. पीसीआरने वाढवलेल्या तुकड्यात ही एकच छेदजागा असेल, तर जेलवर किती पट्टे दिसतील? सामान्य व्यक्तीत दोन, रुग्णात एक आणि वाहकात तीन. वाहकाकडे दोन्ही प्रकारची जनुके असतात. असे उत्तर तर्काने काढावे लागते.

प्रयोगशाळेत कसोटी कशाची?

हाताच्या नेमकेपणाची. मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग. पीसीआरच्या ३० फेऱ्यांत एका रेणूच्या, गणिताने, १०७ कोटींहून अधिक प्रती होतात. म्हणून बाहेरचा किंचित डीएनए मिसळला तरी निष्कर्ष चुकतो. यासाठीच डीएनए न घातलेली एक नळी सोबत ठेवतात.

तयारी कशी करावी?

आधी जनुकशास्त्र आणि प्रथिनांची रचना पक्की करावी. रोज एका प्रयोगाची आकृती घेऊन निष्कर्ष स्वतः लिहावा. संज्ञा इंग्रजी असल्या तरी प्रक्रिया मित्राला मराठीत सांगता आली, तर ती समजली असे मानावे.

याचा उपयोग काय?

सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी स्वस्त आहे, पण तिच्यातून वाहक आणि रुग्ण वेगळे कळत नाहीत. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी तपासणी लागते. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुरक्षित ठरत नाहीत. केंद्राने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली असून लक्ष्य २०४७ चे आहे. तपासणीचा कागद हाती आलेल्या कुटुंबाला त्याचा अर्थ त्यांच्या भाषेत सांगणारी माणसे गावोगाव लागतील. हा पेपर नीट शिकलेला विद्यार्थी त्यांपैकी एक ठरू शकतो.