नोकरी सांभाळून उपग्रहाचे धडे

मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोचलं तो दिवस आठवतो ना? २४ सप्टेंबर २०१४. काठापदराच्या रेशमी साड्या नेसलेल्या, केसात फुलं माळलेल्या इस्रोतल्या बायका हसत हसत एकमेकींचं अभिनंदन करतानाचा फोटो तेव्हा सगळीकडे गाजला. आपल्यातल्या कितीतरी जणींनी तो मुलींना कौतुकाने दाखवला असेल. पण मैत्रिणींनो, उपग्रह वर गेला की काम संपत नाही. तो खाली जी चित्रं पाठवतो, ती वाचायची कोणी? ती वाचणारी माणसं असतात साधी नोकरदार. कुणी वनखात्यात, कुणी पाटबंधाऱ्यात, कुणी हवामान कार्यालयात. त्यांना हे शिकवायचं म्हणजे भर संसारात, नोकरी चालू असताना, पुन्हा बाकावर बसवायचं!

आपल्या देशात हे काम मुख्यतः चालतं डेहराडूनला. १९६६ साली हॉलंडच्या मदतीने तिथे एक संस्था निघाली. तेव्हा विमानातून काढलेले फोटो वाचायला शिकवत. पुढे उपग्रह आले आणि तीच संस्था आज इस्रोची ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिमोट सेन्सिंग’ म्हणून ओळखली जाते. तिच्याच आवारात १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाशी जोडलेलं आणखी एक केंद्र सुरू झालं, आशिया आणि प्रशांत विभागासाठीचं अवकाश विज्ञान व तंत्रज्ञान शिक्षण केंद्र. (नाव वाचतानाच दम लागतो!) मंगोलिया, नेपाळ, श्रीलंका, म्यानमार, उझबेकिस्तान अशा देशांतले अधिकारी इथे शिकायला येतात.

आता यातली जुळवाजुळव बघा. दूरसंवेदनाचा, म्हणजे उपग्रहाच्या चित्रांचा वर्ग डेहराडूनला. उपग्रह दळणवळण आणि उपग्रहावरून हवामान हे विषय अहमदाबादला, इस्रोच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये. अवकाशविज्ञान त्याच गावात, पण विक्रम साराभाईंनी १९४७ मध्ये सुरू केलेल्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत. आणि एम.टेक.ची पदवी कुणाची, तर विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठाची! लग्नघरात मांडव एकाचा, आचारी दुसऱ्या गावचा आणि वाजंत्री तिसऱ्या गावची असते ना, तसंच. शिवाय जेवणाच्या टेबलावर इतक्या देशांच्या जिभा.

अभ्यासक्रम नऊ महिन्यांचा. (नऊ महिने म्हटलं की आपल्याला दुसरंच आठवतं, ते असो.) त्यानंतर पदविका मिळते. एम.टेक. हवं असेल तर मायदेशी परत जाऊन वर्षभर प्रकल्प करायचा, तोही आपल्याच देशाच्या प्रश्नावर. मंगोलियाच्या बाईने कुरणांवर करावा, नेपाळच्या बाईने हिमनदीच्या तळ्यांवर. मला या आखणीतलं शहाणपण फार आवडलं. दोन-दोन वर्षं घर सोडून राहणं किती जणींना जमणार? इथे निम्म्याहून जास्त काळ ती आपल्या माणसांत असते. आणि अर्ज येतो तोही तिच्या कार्यालयाच्या शिफारशीने, म्हणजे शिकून परत येणार कुठे हे आधीच ठरलेलं.

पण खरी परीक्षा तिथेच असते, असं मला वाटतं. वसतिगृहात फक्त अभ्यास असतो. घरी आल्यावर सकाळचे डबे, ऑफिसातल्या फायली, सासूबाईंचं दुखणंखुपणं, आणि मग रात्री दहानंतर प्रकल्प! तो वरिष्ठांनी कामाचाच भाग मानला तर होतो, नाहीतर राहतो. आमच्या भागातल्या एका कार्यालयाने एका मुलीला संगणकावर नकाशे करण्याच्या प्रशिक्षणाला पाठवलं. मोठ्या उमेदीने शिकून आली बिचारी. आल्यावर तिला बसवलं आवक-जावक रजिस्टरवर! आम्ही दोघी-तिघी जाऊन बोललो, पण साहेबांचं एकच, ‘जागा रिकामी नाही.’ म्हणूनच डेहराडूनच्या संस्थेत निर्णय घेणाऱ्या वरिष्ठांसाठीही थोड्या दिवसांचा वर्ग असतो, हे वाचून मी मनातल्या मनात टाळीच वाजवली. साहेबांना कळलं तरच हाताखालच्या बाईला संगणक मिळणार.

शिकवतात तरी काय? अगदी सुरुवातीचा एक धडा असतो रंगांचा. उपग्रहाच्या नेहमीच्या चित्रात हिरवंगार पीक लालभडक दिसतं. पहिल्यांदा बघणारी दचकतेच, हे काय पेटलंय म्हणून! झाडाची पानं डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण भरपूर परत फेकतात आणि चित्रात त्या किरणांना लाल रंग दिलेला असतो. स्वच्छ, खोल पाणी जवळजवळ काळं दिसतं. पण नुसतं चित्र बघून भागत नाही. चित्रात जिथे लाल दिसलं तिथे खरंच ऊस आहे की वेडी बाभूळ, हे शिवारात जाऊन बघावं लागतं. वरच्या डोळ्याला खालच्या पायांची साथ लागतेच. तांदूळ निवडणाऱ्या, एका नजरेत खडा हेरणाऱ्या बाईला हे काम जमणार नाही, असं कोण म्हणेल?

आपल्या महाराष्ट्रातही अशा कामासाठी नागपूरला राज्याचं सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे.

लेक भूगोल, शेती किंवा इंजिनिअरिंग शिकत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. डेहराडूनच्या संस्थेने २००७ पासून दूरशिक्षणही सुरू केलं. आधी वर्ग उपग्रहावरून कॉलेजात दिसायचे, आता इंटरनेटवरून घरबसल्या. बऱ्याच छोट्या अभ्यासक्रमांना फी नाही. शिकवणं इंग्रजीतून असतं, तेवढी तयारी हवी. कॉलेजने नाव नोंदवलेलं असेल तर वर्ग तिथे बसूनही करता येतो. नसेल नोंदवलं, तर पुढच्या पालकसभेत प्राचार्यांना विचारायला काय हरकत आहे?