बर्फावरील लाघव

संस्कृत शास्त्रांत 'लाघव' हा गुण आणि 'गौरव' हा दोष मानितात. सूत्रांतली अर्धी मात्रा वांचली तरी वैयाकरणास केवढा आनंद होतो, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं ऐकिलें असेल. मात्र या लाघवास एक अट आहे : अर्थाची हानि होतां कामा नये. आल्प्स पर्वतांतील बर्फावर चढण्याउतरण्याचें एक साधन गेल्या चाळीस वर्षांत कसें हलकें होत गेलें, याचा विचार करितांना हीच अट पुनः आठवते. तें साधन म्हणजे 'स्की' होय. शिक्षणासाठीं अगर नोकरीसाठीं युरोपांत राहणारीं आपल्या घरचीं मुलें हिवाळ्याच्या सुटींत डोंगराकडे वळलीं, म्हणजे हा विषय त्यांच्या बोलण्यांत येतो. वडील मंडळीस त्यांतलें मर्म ठाऊक असावें, एवढाच या लेखाचा हेतु.

स्की म्हणजे पुढच्या टोंकास वर वळलेली लांब, अरुंद पट्टी. अशा दोन पट्ट्या बुटांखालीं बसविल्या, म्हणजे अंगाचा भार विस्तृत जागेवर पसरतो आणि माणूस भुसभुशीत बर्फांत रुतत नाहीं. हें साधन फार प्राचीन आहे. स्वीडनमध्यें १९२४ सालीं सांपडलेली एक लांकडी स्की सुमारें पांच हजार वर्षांपूर्वींची ठरली आहे. नॉर्वेचे संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन यांनीं १८८८ सालीं ग्रीनलंडचा हिमप्रदेश स्कीवरूनच ओलांडला. पुढें डोंगरांवर यांत्रिक पाळणे झाले. तेव्हांपासून बहुतेक लोक पाळण्यानें वर जातात व दाबून सपाट केलेल्या, आंखलेल्या वाटेनें घसरत खालीं येतात. परंतु कांहीं लोकांस आपल्याच पायांनीं चढून अनाघ्रात उतारावरून येणें आवडतें. या प्रकारास 'स्की-टूरिंग' म्हणतात. ज्यांत मोकळ्या, अवघड उतारावरून वेगानें उतरण्यावरच सर्व भर, तो 'फ्रीराइड' होय.

घसरणाऱ्या पट्टीनें चढतां कसें येतें, ही शंका साहजिक आहे. चढतांना स्कीच्या तळास केंसाळ पट्टा चिकटवितात. केंसांचें वळण मागील बाजूस असल्यामुळें स्की पुढें सरकते. मागें घसरूं लागतांच मात्र तेच केंस बर्फास धरून ठेवतात. पूर्वीं यासाठीं सील माशाचें म्हणून ओळखलें जाणारें कातडें वापरीत (सील हा वस्तुतः मासा नव्हे, सस्तन प्राणी आहे). आतां अंगोरा शेळीची लोंकर किंवा नायलॉन वापरतात. शिवाय बुटाची टांच चढतांना मोकळी व उतरतांना जखडलेली असावी लागते. हें दुहेरी काम करणाऱ्या पूर्वींच्या कित्येक बंधांत प्रत्येक पावलागणिक टांचेबरोबर एक जड चौकटही उचलावी लागे. ऑस्ट्रियांतील फ्रिट्झ बार्थेल यांनीं १९८० नंतरच्या दशकांत निराळी युक्ति काढिली. बुटाच्या अग्रभागीं दोन्ही बाजूंस बारीक खळगे ठेवून त्यांत बंधाच्या खुंट्या अडकविल्या, आणि ती चौकट अजिबात नाहींशी केली.

वजनाचें एवढें माहात्म्य कां, हें साध्या गणितानें कळेल. एक हजार मीटर उंची चढावयाची आहे व वाट चार मीटरांस एक मीटर या मानानें चढते, असें धरूं. म्हणजे चार हजार मीटर चाल झाली. दर पावलास दोनतृतीयांश मीटर धरिल्यास सहा हजार पावलें, अर्थात् प्रत्येक पायाचीं तीन हजार. आतां एका पायाचें ओझें चारशें ग्रॅमनीं कमी झालें, तर सबंध चढावांत त्या पायास पुढें ओढाव्या लागणाऱ्या वजनांतून बाराशें किलो वजा झाले! म्हणूनच कारागिरांनीं जड हिकरीच्या जागीं पॉलोनियासारखें हलकें लांकूड आणि कार्बनचे तंतु आणिले. मध्यम लांबीची एक हलकी टूरिंग स्की आज एक ते दीड किलोंत मिळते. फ्रीराइडची रुंद स्की बहुधा दोन किलोंच्या आसपास भरते.

परंतु माथ्यावर पोंचल्यावर न्याय उलटा होतो. चढावावर जो दोष होता, तो गौरव उतारावर गुण ठरतो. बर्फ कठीण किंवा खडबडीत असला, म्हणजे जड स्की आपल्या जडत्वानें धक्के पोटांत घेते. हलकी स्की थरथरते, उडते आणि पायास शिणविते. मऊ, ताज्या बर्फांत मात्र वजनापेक्षां रुंदीस अधिक महत्त्व. रुंद स्की वर तरंगते. तेव्हां सर्वांत हलकी ती सर्वांत चांगली, हें खरें नव्हे. लांब चढाव करणारानें हलकी घ्यावी, उतरण्याचाच शोक असणारानें कांहीं भार पतकरावा, आणि नवशिक्यानें मधली निवडावी.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. मोकळ्या उतारावर खरें भय हिमप्रपाताचें. साधारणपणें तीस अंशांहून अधिक उभ्या उतारावरच तो सुटतो, आणि पुष्कळदां त्याखालीं सांपडणारानेंच किंवा त्याच्या सोबत्यानेंच आपल्या भारानें तो सोडविलेला असतो. गाडल्या गेलेल्या माणसाच्या जीविताची आशा पहिल्या दहापंधरा मिनिटांनंतर झपाट्यानें ओसरते. बाहेरून मदत येण्यास याहून अधिक वेळ लागतो. म्हणून त्यास सोबत्यांनींच काढावें लागतें. याकरितां प्रत्येकाजवळ अंगावर बांधलेलें संकेतयंत्र, बर्फांत खुपसावयाची लांब सळई आणि धातूच्या पात्याचें फावडें हीं तीन साधनें असलींच पाहिजेत. ओझें कमी करण्याच्या नादांत यांतलें एकही घरीं ठेवणें, म्हणजे मात्रेसाठीं अर्थ गमावणें होय.

जुन्या जड साधनांचा एक अप्रत्यक्ष उपकार होता. तीं अननुभवी माणसास थकवून अर्ध्या वाटेवरून परत फिरवीत. हलकी स्की त्यास सहज माथ्यापर्यंत नेते. पण बर्फाचे थर ओळखण्याचें ज्ञान तिच्याबरोबर विकत मिळत नाहीं. स्वित्झर्लंडांत १९४५ पासून हिमप्रपाताच्या धोक्याचें पत्रक प्रसिद्ध होत आलें आहे. तें वाचल्यावांचून तेथील जाणते लोक बाहेर पडत नाहींत. आपल्या काश्मिरांत गुलमर्ग येथेंही पाळणा अफरवट शिखराच्या जवळ नेऊन सोडतो, आणि तेथून मोकळे उतार सुरू होतात. नियम तेथेंही हाच.

घरच्या मुलानें वा मुलीनें 'हलकी स्की घेतली' असें कळविलें, तर वडिलांनीं भिऊन मोडता घालूं नये. तिचें वजन किती, हें कौतुकानें विचारावें. पण त्याबरोबर आणखी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : सोबत कोण आहे, आजचें पत्रक काय सांगतें, आणि फावडें घेतलें आहेस ना?