घट्टा राहू द्या, कुरूप घालवा

कर्जत-खालापूरच्या ठाकुरवाड्यांतून डोंगर चढण्या-उतरण्यात आयुष्य गेलेल्यांच्या टाचांना घट्टे असायचेच. तो रोग नव्हे. दाब आणि घर्षणामुळे कातडीने स्वतःच वाढवलेला थर. केनिया व अमेरिकेतल्या लोकांवरच्या २०१९च्या अभ्यासात तर दिसलं, की घट्टा जाड असला तरी चालताना तळव्याची जाण बोथट होत नाही.

कुरूप मात्र छळतं. त्याचा मधला टणक खिळा आत रुततो. पाऊल टेकलं की कळ थेट मस्तकात. दोष बहुधा बोटं आवळणाऱ्या बुटाचा, म्हणून आधी पायताण बदला. पाय कोमट पाण्यात भिजवून वजरीने हलके घासा. सॅलिसिलिक ॲसिडची पट्टी कुरुपापुरतीच कापा. ब्लेडने कोरणं म्हणजे दुखणं विकत घेणं. मधुमेह असेल तर पट्टीही नको, डॉक्टरांनाच दाखवा.