नाव मुंबईचे, मैदान परगावचे

व्हॉलीबॉल हा गरिबाचा खेळ. दोन बांबू, एक जाळे, मूठभर चुना आणि एक चेंडू एवढ्या भांडवलावर बारा जणांची संध्याकाळ झकास जाते. म्हणूनच आमच्या श्रीगोंद्यासारख्या तालुक्याच्या गावाला तो चटकन आपलासा वाटतो. पण या खेळावर पोट भरता येते असे पोराने म्हणावे, तर घरची वडील मंडळी हसतात. ती का हसतात, हे समजायला मुंबईच्या धंदेवाईक संघाची कहाणी ऐकावी.

१८९५ साली अमेरिकेत विल्यम मॉर्गन याने हा खेळ काढला. आपल्याकडे तो रुजला, इतका की १९६२ च्या जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत भारताने रौप्यपदक मिळवले. तरीही पैसे घेऊन खेळायचे तर केरळच्या जिमी जॉर्जला इटली गाठावी लागली. १९८७ साली तिथेच मोटार-अपघातात तो गेला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी.

देशात पहिली लीग भरली ती २०११ साली. तीत ‘मराठा वॉरियर्स’ नावाचा आपला संघ होता. एक हंगाम झाला आणि लीग गुंडाळली गेली. २०१९ च्या फेब्रुवारीत दुसरी निघाली. कबड्डीतल्या ‘यू मुंबा’च्या मालकांनी ‘यू मुंबा व्हॉली’ उभा केला. तो उपांत्य फेरीत कालिकतकडून हरला. पुढे महासंघ आणि संयोजक यांचे फाटले आणि या संघाचाही संसार एका हंगामातच आटोपला. २०२२ साली ‘प्राइम व्हॉलीबॉल लीग’ सुरू झाली, तेव्हा सात संघांत मुंबईचे नावच नव्हते!

ते आले २०२३ साली, ‘मुंबई मीटियर्स’ या रूपाने. मीटियर म्हणजे उल्का. आधीच्या दोघांची गत पाहता हे नाव ऐकून मला जरा धास्तीच वाटली. पण ही उल्का विझली नाही. या लीगमध्ये डाव पंचवीसऐवजी पंधरा गुणांचा; म्हणजे सुरुवातीला डुलकी लागली की डाव गेलाच. अशा धांदलीत २०२५ च्या ऑक्टोबरात हा संघ थेट अंतिम सामन्यात पोचला. बंगळूरच्या ‘टॉर्पेडोज’नी त्याला ३-० असे हरवले, पण मुंबईचे नाव अखेरच्या दिवसापर्यंत फलकावर राहिले. त्याच वर्षी शेजारच्या गोव्यानेही आपला संघ उतरवला.

मात्र एक गोष्ट मला खुपते. २०१९ चे सामने झाले कोची आणि चेन्नईला. २०२३ चे बंगळूर, हैदराबाद आणि कोचीला. २०२४ चे चेन्नईला, २०२५ चे हैदराबादला. मुंबईच्या संघाने या हंगामांत मुंबईत एकही सामना खेळला नाही. माहेरी कधीच न येणाऱ्या लेकीसारखी ही गत! तिचे कौतुक ऐकायचे, तेही दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून.

केरळात व्हॉलीबॉल टिकला तो केवळ पैशाने नव्हे. तिथे रात्रीच्या सामन्यांना गावे लोटतात; पोरांना आपले नायक हाताच्या अंतरावर दिसतात. पडद्यावरचा खेळाडू कितीही उंच उडाला, तरी त्याची उडी किती उंच हे जाळ्याशेजारी उभे राहिल्याशिवाय कळत नाही. मुंबईला, पुण्याला, निदान आमच्या नगरला चार सामने झाले, तर श्रीगोंद्याची पोरे एस.टी.ने जाऊन पाहतील. मग घरी आल्यावर त्यांनी काही म्हटले, तर वडील मंडळी हसण्यापूर्वी क्षणभर थांबतील. तेवढा क्षण पुष्कळ झाला.