मांडवात गावाच्या तसबिरी

श्रीगजाननाच्या आगमनाची चाहूल लागली, की अचलपूर-परतवाड्याच्या गल्लोगल्ली मांडवाचे बांबू उभे राहू लागतात आणि मंडळांच्या बैठकींत एकच विषय निघतो : यंदा देखावा कोणता? कोणी समुद्रमंथन सुचवितो, कोणी कैलासदर्शन. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी हे कैलास मोडून पडतात आणि वर्गणीचा हिशेब तेवढा मागे उरतो. या वर्षी आमची एक नम्र सूचना आहे. मांडवाच्या एका बाजूस आपल्याच गावच्या हौशी छायाचित्रकारांनी टिपलेल्या चित्रांच्या तसबिरी मांडाव्यात.

हे हौशी छायाचित्रकार कोण? शाळेतले मास्तर, कचेरीतले कारकून, औषधांचे दुकानदार. आग्फा क्लिकसारखा साधा कॅमेरा गळ्यात अडकवून त्यांनी यात्रा, दिंड्या, लग्नकार्ये आणि पोळ्याच्या बैलजोड्या टिपल्या. त्या कॅमेऱ्याच्या एका फिल्मवर चित्रे अवघी बारा. म्हणून प्रत्येक वेळी कळ दाबण्यापूर्वी मनुष्य क्षणभर थांबत असे, आणि त्या थांबण्यात एक प्रकारचे दर्शनच घडत असे. आज खिशातल्या फोनमध्ये सहस्रावधी चित्रे असतात, परंतु भिंतीवर लावावे असे त्यांतले किती?

हौसेची ही परंपरा लहान नाही. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, तेव्हा पेशाने वैद्य असलेले डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी या कलेत रमले होते. मेजर रॉबर्ट गिल यांनी अजिंठा-वेरूळच्या लेण्यांची टिपलेली चित्रे १८६४ साली ग्रंथरूपाने लंडनला प्रसिद्ध झाली. आमच्या वऱ्हाडात तर पाहिलेले जपून ठेवण्याचे व्रत कॅमेऱ्याहून कितीतरी जुने आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले, ते याच जिल्ह्यातील रिद्धपुरी. स्वामी कोठे राहिले, कोठे बसले, याच्या नोंदी करणारी स्थानपोथीही महानुभावांनी जपली. ज्यांच्यापाशी भिंग नव्हते, त्यांनी शब्दांनी स्थळे टिपली. ज्यांच्या हाती भिंग आले, त्यांनी इतके तरी करू नये काय?

आणि टिपण्याजोगे आपल्या परिसरात काय थोडे आहे? सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमबुवाची यात्रा डिसेंबरात भरते आणि महिनाभराहून अधिक काळ चालते. या यात्रेचे रूप पिढीगणिक पालटत आले. पशुबळीविरुद्ध श्रीगाडगेबाबांनी जन्मभर कीर्तनांतून जो टाहो फोडला, तो बहिरमच्या यात्रेकरूंच्याही कानी पडला. पूर्वीची राहुट्यांची रांग, बैलगाड्यांचा तळ, चुलींवर भाजले जाणारे रोडगे हे सारे कोणाच्या तरी ट्रंकेतल्या चित्रांत अजून असेल. मुक्तागिरीची जैन मंदिरे आणि त्यांच्या शेजारी कोसळणारा धबधबा आहे. मूर्तिजापूरहून अचलपुरास येणारी शकुंतला गाडी तर आता आठवणीतच धावते. तिचे वाफेचे इंजिन १९९४ साली गेले, पुढे गाडीही थांबली. त्या इंजिनाचा धूर ज्याने टिपून ठेवला असेल, त्याच्यापाशी आता कोणत्याही मोलाने न मिळणारी वस्तू आहे.

मात्र नुसते चित्र पुरेसे नाही, हे आम्ही आमच्याच घरी शिकलो. आमच्या माजघरात बहिरमच्या यात्रेतली एक जुनी तसबीर आहे. चार बाया राहुटीपुढे उभ्या आहेत, एकीच्या कडेवर मूल आहे. आई होती तोवर ती बोट ठेवून सांगे, ‘‘थे पाय, थे माही मावसबहीण.’’ आम्ही हसत ऐकत असू, पण लिहून कोणीच ठेवले नाही. आई गेली. तीन बायांची नावे आम्हांस ठाऊक आहेत, चौथीचे नाही. तिच्या मुखावर यात्रेचा केवढा आनंद आहे! दर पितृपक्षात त्या तसबिरीसमोर उभे राहिलो, की नाव न घेता तिलाही नमस्कार करतो. दोष काळाचा नव्हे, आमच्या आळसाचा आहे.

म्हणून मांडवात तसबिरी मांडणाऱ्या तरुणांना काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. प्रत्येक चित्राखाली स्थळ, साल, चित्रातील माणसांची नावे आणि टिपणाऱ्याचे नाव सुवाच्य अक्षरांत लिहावे. घरातील वृद्धांस मांडवात आणून चित्रांपुढे खुर्ची द्यावी आणि ते जे सांगतील ते वहीत उतरवून घ्यावे. ही वही हाच उत्सवाचा खरा प्रसाद ठरेल. मूळ प्रत मांडवात आणू नये, तिची नक्कल करून ती लावावी, कारण पावसाळ्याची ओल आणि दिव्यांचा ताप जुन्या कागदास सोसत नाही. तसबीर मढविताना चित्र काचेस चिकटू नये म्हणून मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट ठेवावी. घरी टांगताना उन्हाची आणि ओलीची भिंत टाळावी. शिवाय जेथे गाभाऱ्यात छायाचित्रणास मनाई आहे, तेथील मर्यादा पाळावी. कोणा घरच्या आयाबहिणींचे चित्र त्यांच्या संमतीवाचून मांडू नये. श्रद्धेच्या जागी हौसेने पायरी ओळखलीच पाहिजे.

कोणी विचारील, देवाच्या उत्सवात माणसांची चित्रे कशाला? आम्हांस वाटते, लोकमान्यांनी हा उत्सव चौकात आणला, तो माणसांनी एकमेकांस ओळखावे म्हणूनच. ज्या भाविकांच्या पायांनी बहिरमची वाट मळली, त्यांची ओळख ठेवणे ही देवाचीच सेवा आहे.

याच भूमीतील माधानचे श्रीगुलाबराव महाराज तान्हेपणीच दृष्टीस मुकले, तरी लोकांनी त्यांस प्रज्ञाचक्षू म्हणून वंदिले. पाहणे हे केवळ डोळ्यांचे काम नव्हे, हेच त्यांचे चरित्र सांगते. आपल्याला तर डोळेही आहेत आणि भिंगही. बुद्धिदात्या श्रीगजाननाने जपण्याची बुद्धी तेवढी द्यावी. यंदा मूर्तीच्या स्थापनेपूर्वी, वाचकहो, माळ्यावरची ती जुनी ट्रंक एकदा उघडा, आणि घरात कोणी सांगणारे असेल, तर त्यांच्याजवळ आजच बसा.